दत्ता, तुझा जुना संगणक आणि आपलं भांडण

दत्ता,

शाळेत तुझी शोकसभा झाली. मुख्याध्यापक म्हणाले, दत्ता सर म्हणजे फार शांत माणूस. भूगोलाच्या बाई म्हणाल्या, सरांनी सगळ्या नोकरीत कधी कुणाला त्रास दिला नाही. मी मागच्या बाकावर तुझ्या बायकोशेजारी, संगीताशेजारी बसले होते. तिच्या हातावर माझा हात होता, आणि डोक्यात एकच चाललं होतं की उठावं आणि विचारावं, कोणत्या दत्ताबद्दल बोलून राह्यले तुम्ही? त्रास द्यायला तू एक माणूस नेमून ठेवलं होतंस, ते त्यांना ठाऊक नव्हतं. ते माणूस म्हणजे मी. तुझी चुलतबहीण, वयानं थोरली, वाटूर फाट्यावर झेरॉक्स आणि ऑनलाइन कामांचं दुकान चालवणारी. म्हणजे तुझ्या मते संगणकातलं सगळं कळणारी आणि कधीही बोलावलं तरी येणारी.

तिथं मला बोलता आलं नाही. म्हणून इथं लिहिते. तुझ्याशी गोड बोलायची मला सवय नाही, आणि तू गेलास म्हणून ती आता लावून घेणार नाही.

भांडणाचं मूळ तो संगणक. त्याच्याआधीचं मला आठवतं ना. गोवरात तुझे डोळे गेले तेव्हा तू शाळेतसुद्धा जात नव्हतास. काकांनी मेंढरं मोडली आणि तुला संभाजीनगरच्या अंधशाळेत नेऊन ठेवलं. तिथून शिकत शिकत तू इतिहासाचा मास्तर होऊन वाटूरला आलास. पण वाचायचं म्हटलं की शेजारी माणूस लागायचं. ब्रेलची पुस्तकं होती, पण सकाळचा पेपर ब्रेलमध्ये कोण छापतो? संगीता स्वयंपाक आवरून वाचून दाखवायची, तिला आवडेल तेवढं. तिला खून-मारामाऱ्यांचा तिटकारा, त्यामुळे बरीच वर्षं तुझ्या मते आपल्या जिल्ह्यात गुन्हेच घडत नव्हते.

मग एका संस्थेचं शिबिर झालं आणि तू तो डबा घरी घेऊन आलास. विंडोज सेव्हन, आणि आत पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. एकेक कळ दाबली की आतून एक बाई बोलायची. घरात तिचं नावच पडलं, आतली बाई. सुरुवातीला तुला ती हळू बोलायला लागायची. वर्षभरात तू तिचा वेग एवढा वाढवलास की आम्हाला नुसती चरचर ऐकू यायची आणि तू मधेच हसायचास.

इंटरनेट जोडून दिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला. सकाळी, दुकान उघडायच्या आधी.

"अक्का, आज मी संगीताला बातमी सांगितली."

"कोणती?"

"कोणती का असंना. तिला ठाऊक नव्हती. मला ठाऊक होती."

त्या दिवशी मी तुझ्याएवढीच खूश झाले होते, हे कबूल करते. तेव्हा मला कुठं ठाऊक होतं की ह्या एका वाक्यासाठी पुढं मला काय काय करावं लागणार आहे.

पहिली काही वर्षं बरी गेली. मग एकेक पान बंद पडायला लागलं. आधी पेपरचं. उघडलं की बाई म्हणायची, तुमचा ब्राउझर जुना आहे. ब्राउझर नवा टाकायला जावं, तर तो म्हणायचा, तुमची विंडोज जुनी आहे. विंडोज नवी टाकायला जावं, तर तुझा संगणक दम टाकायचा. एकानं दुसऱ्याकडं बोट दाखवायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडं, आणि तिघांच्या मधे मी, शाळेमागच्या तुझ्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर, संगीताचा चहा गार करत बसलेली.

एकदा तर एकही पान उघडेना. जे उघडावं तिथं, ही जागा सुरक्षित नाही. तू मला म्हणालास, "तूच काहीतरी करून गेलीस मागच्या वेळी." मी अर्धी दुपार घालवली. शेवटी कळलं की आतला बटणाएवढा सेल संपलाय. संगणक बंद केला की त्याची तारीख मागं जायची, पार तुझ्या लग्नाच्याही मागं, आणि तेवढ्या मागच्या तारखेला आजचं कोणतंच पान खरं मानायला तो तयार नव्हता. सेल बदलला, सगळं सुरू झालं. मी सांगितलं तेव्हा तू काय म्हणालास? आभार? तू म्हणालास, "मंग माझं काय चुकलं? संगणक बराबर होता. तारीख चुकली होती."

मी तुला सांगत होते की नवा घे. पैशाचा प्रश्न नव्हता, मास्तरचा पगार होता. एकदा मी ओळखीच्या दुकानातून पाहण्यासाठी म्हणून एक नवा लॅपटॉप आणला. वाचणारा प्रोग्रॅम टाकला, नवा, फुकटचा, चांगला. तुझ्यासमोर ठेवला. तू त्याच्यावर हात फिरवलास आणि पहिलं वाक्य बोललास.

"उजवीकडचे आकडे कुठंयत?"

मी म्हणाले, लॅपटॉपला बऱ्याचदा आकड्यांच्या वेगळ्या कळा नसतात.

"मंग मी वाचू कशानं?"

तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की तू त्या आकड्यांच्या कळांवर वाचतोस. सातवर बोट म्हणजे वरची ओळ, आठवर बोट म्हणजे ही ओळ, नऊ म्हणजे खालची. तुझी सगळी वाचनाची वाट त्या चौकोनात होती. मी हरले नाही. वेगळा कीबोर्ड आणून जोडला. मग तुझा तळहात लॅपटॉपच्या खालच्या चौकोनी पट्टीला लागायचा आणि तू वाचत असलेली ओळ सोडून बाई भलतीकडंच जायची. ती पट्टी बंद केली. मग ऐन परीक्षेचे पेपर काढताना लॅपटॉपनं आपण होऊन स्वतःला नवं करायला घेतलं आणि बाई मुकी झाली. किती वेळ लागंल ते तिनं सांगितलं नाही, कारण सांगणारीच बंद. तू फोनवर ओरडलास, "अक्का, मेलं का हे?" मी म्हणाले, नाही रे, अपडेट होतंय. "मंग मला कोण सांगंल झालं म्हणून?"

तो लॅपटॉप मी परत केला. दुकानदार म्हणाला, ताई, काय खराबी होती? मी म्हणाले, खराबी काही नव्हती. आणि वाटेत रिक्षात मला इतका राग आला होता, तुझा, लॅपटॉपचा आणि ज्यांनी तो बनवला त्यांचा, की कुणाचा जास्त ते ठरवता येईना.

मग विंडोजच्या जागी लिनक्सचा प्रयोग. जुन्या संगणकावर हलकं चालतं म्हणून मी टाकून दिलं. त्यातली बाई वेगळी होती, घोगरी. तू चारेक दिवस कसेबसे काढलेस आणि म्हणालास, "ही कोण आणलीस? हिला हाकल." सेव्हन परत टाकावं लागलं. पुन्हा सगळ्या सेटिंगा, पुन्हा संगीताचा चहा.

भांडण काही आपण गंमत म्हणून करत नव्हतो, दत्ता. मी खरंच घाबरत होते. ज्या विंडोजला बनवणाऱ्यांनीच वाऱ्यावर सोडलंय, तिच्यातून तू बँकेत जायचास. मी सांगायचे, अरे, ह्याच्यात भोकं पडलीत, कुणीही आत येईल. तू म्हणायचास, "येऊ दे. आत अंधार आहे, धडपडंल." वर हसायचास. मला हसू यायचं नाही. अजूनही येत नाही. ह्या बाबतीत मी बरोबर होते आणि तू चूक होतास. तू गेलास म्हणून हे बदलत नाही.

पण तुझंही एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मी एकदा वैतागून म्हणाले होते, जग बदलतं, सगळे शिकतात, तुला काय धाड भरली? तू शांतपणे म्हणालास, "तुमच्यासाठी नवीन आलं म्हंजे रंग बदलला. तुम्ही बघता आणि चालायला लागता. माझ्यासाठी दार कुठं गेलं तेच आधी हुडकायचं. ते सापडून पाय बसला की तुम्ही पुन्हा हलवता. कितीदा हुडकू?" मी चहाचा कप उचलून आत ठेवायला गेले.

तुला वाटत असेल, एवढा वैताग होता तर ही येत का होती. ते तू कधी विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. मी फाट्यावर दुकान टाकलं तेव्हा तुझे दाजी ट्रकवर असायचे, महिना महिना बाहेर. एकट्या बाईचं दुकान, फाट्यावरची जागा. संध्याकाळी दोन-चार टवाळ येऊन उगीच झेरॉक्सचा भाव विचारत उभे राहायचे. मी घरी कुणाला बोलले नव्हते. तुला कुठून कळलं माहीत नाही. शाळा सुटली की तू काठी टेकत यायचास आणि दुकानाच्या बाकड्यावर बसायचास, दिवेलागणीपर्यंत. मी म्हणाले, तू कशाला राखणीला येतोस? "राखणीला न्हाई आलो. तुझा पंखा चांगला हाय." तू बसलेला असलास की ते टवाळ आपोआप 'सर, नमस्कार' म्हणून पांगायचे, कारण त्यातला जवळपास प्रत्येक जण तुझ्या हाताखालून गेलेला होता आणि तू आवाजावरून नाव घ्यायचास. सगळ्या फाट्यासमोर त्याच्या बापाची खुशाली विचारायचास. एक पावसाळा आणि एक हिवाळा तू हे केलंस. मग माझा जम बसला, आणि तू यायचा बंद झालास, तेही न सांगता. त्याचे आभार मानायचे राहिले. ते आज मानते. मानताना चीड येते ती वेगळी, कारण ह्यातलं काहीच तू मला तोंडावर बोलू दिलं नसतंस.

पूर्वाच्या प्रवेशाचं मात्र लिहायलाच पाहिजे. तो दिवस आठवला की माझं डोकं अजून गरम होतं.

तुझी लेक बारावी पास झाली, गुण चांगले पडले, अभियांत्रिकीला जायचं ठरलं. कॉलेजांची पसंती ऑनलाइन भरायची. माझ्या दुकानात रोज हेच काम चाललेलं. मी म्हणाले, पूर्वाला पाठव, दहा मिनिटांत करून देते. तू म्हणालास, "न्हाई. माझ्या पोरीचं मी भरणार. माझ्या संगणकावर."

पूर्वा म्हणाली, "बाबा, आत्याकडं जाऊ ना. जल्दी होईल."

"तुझ्या शाळेच्या दाखल्यापासून सगळं दुसऱ्यांनी भरलं. मी नुसता अंगठ्यासारखा सही करत गेलो. हे एक मी करतो."

तिनं गुणपत्रिका काढून आणली. मी खुर्ची ओढली. पण प्रवेशाची ती साइट ऐकणारी नव्हती. तिनं पहिल्या पानावरच सांगितलं की तुमचा ब्राउझर चालणार नाही.

तेव्हा मी शोधत शोधत एका ठिकाणी पोचले. जगात कुठं कुठं बसलेली काही माणसं आहेत, जी नवे ब्राउझर घेऊन ते जुन्या विंडोजवर चालतील असे जुळवतात आणि फुकट देऊन टाकतात. त्यांना कुणी सांगितलं नाही, कुणी पगार देत नाही. मला त्यांच्यावर भरवसा नव्हता. आधी दुकानातल्या रिकाम्या संगणकावर टाकून पाहिलं, मग तुझ्याकडं आणलं. उघडलं! साइट उघडली! मी जवळजवळ ओरडलेच. तू म्हणालास, "बाई बोलत न्हाई."

खरंच. पडद्यावर सगळं दिसत होतं आणि बाई एक शब्द बोलत नव्हती. माझ्यासाठी काम झालं होतं आणि तुझ्यासाठी सुरूच झालं नव्हतं. पुन्हा शोधाशोध. शेवटी सापडलं की ब्राउझर सुरू करतानाच त्याला एक जादा ओळ लिहून सांगावं लागतं की बाबा, आतलं सगळं वाचणाऱ्याला दाखव. ती ओळ टाकली आणि बाई बोलली. पण आता संगणकाला ते ओझं पेलेना. तू कळ दाबायचास आणि बाई श्वास घेऊन मग बोलायची. मी दुकानातल्या एका बंद पडलेल्या संगणकाची रॅम काढून तुझ्या संगणकात घातली. पंखा असा घरघरायला लागला की शेजारच्या काकू विचारून गेल्या, गिरणी घेतली का.

आणि हे सगळं करता करता शेवटची तारीख येऊन ठेपली.

दुपारी बसलो. तू खुर्चीवर, डावीकडं पूर्वा, उजवीकडं मी, दारात संगीता. आधी चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखून लिहायची होती. तुम्ही माणूस आहात का, हे तपासायला. तू म्हणालास, "डोळे असले तरच माणूस, असं हाय का?" त्याच्याखाली ऐकायची सोय होती, पण ती इंग्रजीत, खरखरीत, आणि तिच्यावर आपली बाई बोलायची, त्यामुळे दोघींचं मिळून काही कळेना. तू कबूल झालास, एवढी अक्षरं पूर्वा वाचंल. बाकी सगळं तुझं.

मग जिल्हा निवडायचा होता. खाली यादी. बाण दाबला की एक जिल्हा. अहिल्यानगर. थांब. अकोला. थांब. अमरावती. त्या गतीनं आपण जालन्यापर्यंत पोचायला आलो आणि पान म्हणालं, तुमची वेळ संपली आहे, पुन्हा सुरुवात करा.

मी म्हणाले, "दत्ता, माऊस दे इकडं."

"न्हाई."

"अरे पोरीचं वर्ष जाईल!"

"जाणार न्हाई. तू ओरडू नको, मला ऐकू येत न्हाई बाई."

पुन्हा सुरुवात. ह्या वेळी पूर्वानं सांगितलं, बाबा, इंग्रजी जे दाबा, यादी त्या अक्षरावर उडी मारती. तू दाबलंस, बाई म्हणाली, जळगाव. एक बाण. जालना. तुझा चेहरा मी तेव्हा पाहिला. पंखा घरघरत होता, संगीता पदराचं टोक पिळत होती आणि तू असा हसत होतास की जसं काही आपण जिल्हा नाही, राज्य जिंकलंय.

कॉलेजं एकेक करून भरली. पूर्वा नाव सांगायची, तू शोधायचास, बाई म्हणायची, तू खात्री करायचास. आलो शेवटच्या पानावर. आणि तिथं बाई म्हणाली, "ग्राफिक." पुढं गेलास. "ग्राफिक." बास. दोन बटणं होती, बनवणाऱ्यानं त्यांची चित्रं काढली होती आणि कुणालाही त्यांना नाव द्यायचं सुचलं नव्हतं. मला दिसत होतं, एकावर लिहिलंय 'कायम करा' आणि दुसऱ्यावर 'सर्व रद्द करा'.

मी म्हणाले, "उजवीकडचं दाब."

"उजवं म्हंजे कोणतं? मला उजवं-डावं न्हाई. मला आधीचं आणि नंतरचं."

ते मला माहीत नव्हतं. पडद्यावर जे उजवीकडं आहे ते बाईच्या रांगेत आधी येतं की नंतर, ते कसं कळणार? चुकीचं दाबलं तर सगळं पुसणार, आणि साइट बंद व्हायला फार वेळ उरला नव्हता. मी पुन्हा माऊसकडं हात नेला. तू माझा हात तिथंच धरलास. जोरात. तुला कसं कळलं, देव जाणे.

"अक्का, तू बघ. मी दाबतो. मी फिरत असताना पडद्यावर काही हलतंय का?"

मी वाकून पाहिलं. तू कळ दाबलीस. एका बटणाभोवती बारीक ठिपक्यांची चौकट उमटली. पुन्हा दाबलीस, ती चौकट दुसऱ्या बटणावर गेली. एवढी वर्षं मी संगणकावर बसते, ती चौकट मी कधी नीट पाहिलीही नव्हती.

"थांब," मी म्हणाले. "आता ज्याच्यावर आहेस ना, तेच. दाब."

"नक्की?"

"दाब रे!"

तू दाबलंस. पान गोल गोल फिरत राहिलं. पूर्वानं डोळे मिटले. आणि मग बाई तिच्या त्या सपाट आवाजात म्हणाली, आपली पसंती नोंदवली गेली आहे. तू तिला पुन्हा म्हणायला लावलंस. मग पुन्हा एकदा. मग तू संगीताला म्हणालास, "ऐकलं का?" आणि ती म्हणाली, "एवढ्या जल्दी बोलती ती, मला काय कळतंय? झालं का ते सांगा."

"झालं," तू म्हणालास. "मी केलं."

नंतरचा महिनाभर तुझ्याजवळ बसायची सोय नव्हती. शिक्षकांच्या खोलीत सांगितलंस, पारावर सांगितलंस, माझ्या दुकानात येऊन माझ्या गिऱ्हाइकांना सांगितलंस की सेव्हनवर सगळं होतं, करणारा पाहिजे. रॅम कुणाची होती, ओळ कुणी टाकली, चौकट कुणी पाहिली, ते त्या गोष्टीत कुठं नसायचं. मी काउंटरवरून ऐकत राहायचे. पूर्वाला संभाजीनगरचं कॉलेज मिळालं आणि ती गेली.

त्यानंतर तो ब्राउझरही हळूहळू थकला. तुझे फोन सुरूच. तुझ्या शेवटच्या आठवड्यात मी आले होते, एक पान उघडत नव्हतं म्हणून. ते करून दिलं आणि निघताना म्हणाले, "दत्ता, आता बास. पुढच्या वेळी मी येईन ती नवा संगणक घेऊनच. ह्याला मी हात लावणार न्हाई." तू म्हणालास, "बघू की पुढच्या वेळी." तुझ्या त्या 'बघू की'चा अर्थ मला पाठ होता, बिलकुल नाही. मी चप्पल घालून तरातरा निघून आले. त्याच आठवड्यात, शाळेत जायची तयारी करताना तू छातीवर हात ठेवून खाली बसलास, आणि जालन्याला नेता नेता वाटेतच संपलं.

तेरावा झाला. काल मी पूर्वाला म्हणाले, बाबांच्या संगणकातलं तुला हवं ते काढून घे, मग त्याचं काय करायचं ते ठरवू. ती म्हणाली, "आत्या, एक सांगायचंय. बाबांनी सांगू नको म्हणलं होतं."

मला वाटलं, बँकेचं काहीतरी केलं ह्यानं.

ती म्हणाली, दिवाळीत ती घरी आल्ती तेव्हा तू तिच्या नव्या लॅपटॉपवर बसायचास. रोज. दार लोटून. आकड्यांच्या कळा नव्हत्या, तर तू त्या पट्टीवर एक पुठ्ठा चिकटवून घेतलास आणि बाणांच्या कळांवर वाचायला शिकलास. बाईचा वेग अगदी खाली आणलास, पहिलीतलं पोर वाचतं तसा. ती कॉलेजात परत गेल्यावर शनिवार-रविवारी घरी आली की पुन्हा तेच. चुकलास की शिव्या द्यायचास, मला, माझं नाव घेऊन. जायच्या आधीच्या रविवारी तू सगळा पेपर एकट्यानं वाचलास त्याच्यावर, खुनाच्या बातमीसकट.

"मी म्हणलं बाबा, आत्याला सांगू का? ते म्हणाले, खबरदार. पुरं जमलं की मीच तिच्या दुकानात जाईन आणि गिऱ्हाइकांसमोर वाचून दाखवीन. आधी कळलं तर ती म्हणंल, बघ, मी म्हणलं न्हवतं का."

पूर्वा रडत होती. मला रडू आलं नाही, मला तुझा असा संताप आला, दत्ता, की मी उठून अंगणात गेले आणि तिथं उगीच वाळत घातलेले कपडे काढायला लागले, ओलेच. मी येऊन तुझ्या त्या सेव्हनशी झटत होते आणि आतल्या खोलीत तू शिकत होतास. 'बघू की' म्हणालास तेव्हा तुला येत होतं. चेहऱ्यावर एवढंसंही दिसू दिलं नाहीस.

आणि तू बरोबर ओळखलं होतंस. मी म्हटलं असतं. नक्की म्हटलं असतं, सगळ्या फाट्याला ऐकू जाईल असं म्हटलं असतं, वर्षभर म्हटलं असतं, तू काठी टेकत यायचास तेव्हा लांबूनच म्हटलं असतं. तेवढा हक्क माझा होता.

आता म्हणते. बघ, मी म्हणलं न्हवतं का, दत्ता.

बोल की उलटून काहीतरी.